पिवळीची पायताणं

तपासणी अधिकारी पिवळीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला, त्याने टॉर्च मारला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो डॉक्टरबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. थिएटरबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना नेमकं काय सांगावं याची जुळवाजुळव करताना सर्जन असाच चेहरा करतात.

"इंजिन ठणठणीत आहे मॅडम," तो उठता उठता म्हणाला. "ब्रेक उत्तम, दिवे लागतात, धूरही बेताचाच. पण टायर गेले."

डॉक्टरबाई पेशाने भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवायचं, आणि मुख्य म्हणजे परत उठवायचं, असं त्यांचं काम. त्यामुळे वाईट बातमी ऐकताना चेहरा इकडचा तिकडे न होऊ देण्याची त्यांना सवय होती. त्यांनी वाकून पाहिलं. टायरच्या बाजूला उन्हाने तडकलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या. गेलं वर्षभर त्या भेगांना बाई 'सुरकुत्या' म्हणत होत्या.

अधिकाऱ्याने नियम सांगितला. नवे टायर दाराच्या आतल्या पट्टीवर जो आकार कोरला आहे त्याच आकाराचे हवेत. जवळपासचे, साधारण तसेच, दुकानदार चालतील म्हणाला असले नकोत. मुदत तीन महिने. तोवर झालं नाही तर नोंदणी जाणार, आणि इतक्या जुन्या गाडीची एकदा गेलेली नोंदणी परत मिळत नाही.

"मग काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मग ती गाडी राहत नाही. कागदोपत्री ती वस्तू होते."

पिवळी म्हणजे दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी जुनी गाडी. इंजिन सीटच्या मागे, म्हणून सगळा भार मागे, म्हणून मागची चाकं रुंद आणि पुढची अरुंद. पुढे एकशे पंच्याऐंशी-पंचावन्न-चौदा, मागे दोनशे पंचवीस-पन्नास-चौदा. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्याच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आतल्या रिंगचा व्यास, इंचांत. तीन समित्यांनी तीन बंद खोल्यांत बसून एकमेकींशी अबोला धरून ठरवलेली ही पद्धत आहे, आणि जगात सगळीकडे ती बिनतक्रार चालते. त्यातही पिवळीला लागणारे टायर साधे नव्हते. मऊ रबराचे, वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवणारे, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेल्यांतले सगळ्यात चिकट. ते बनवणाऱ्या कंपनीने काही वर्षांपूर्वी ते बंद केले होते. जगाची चाकं मोठी होत चालली होती. चौदा इंचाला कुणी विचारत नव्हतं.

तरी बाई त्या दिवशी घरी शीळ घालत आल्या. कारण घरी माल होता.

टायर बंद होणार अशी कुणकुण लागताच त्यांनी एक अख्खा नवा सेट घेऊन ठेवला होता. पाहुण्यांच्या खोलीत, खिडकीखाली, जुन्या चादरींत गुंडाळून. आधी पाहुण्यांनी थोडी कुरकुर केली. एक भाचेजावई दोन रात्री राहून सकाळी म्हणाले, की मावशी, रात्री खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटतं. बाईंनी चादरी बदलल्या, टायर हलवले नाहीत. पाहुणे कमी झाले ते त्यांनी फायद्याच्या रकान्यात धरलं.

त्यांनी चादर सोडली. टायर नवे कोरे होते. कधी मातीला लागले नव्हते. त्यांच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. बाईंनी हौसेने अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. टायर जिवंत असेल तर नख आत जातं आणि काढल्यावर खूण सावकाश भरून येते. इथे नख आत गेलंच नाही. पाटीवर घासल्यासारखा आवाज आला. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, चौथ्यापर्यंत नखाचा कोपरा उडाला.

इतकी वर्षं दुपारचं ऊन त्या खिडकीतून येऊन, चादरीतून झिरपून, टायरांना शांतपणे भाजत होतं. झिजून मेलेला टायर निदान काहीतरी करून मेलेला असतो. हे चौघं नुसते लाडाने गेले होते.

"गोल आहेत ना पण?" दारात उभ्या नवऱ्याने विचारलं. तो विमा कंपनीत माणसं साधारण कधी मरतात याचे हिशेब करायचा, आणि घरी आल्यावर त्याला कशाचंच विशेष वाटत नसे.

"अहो, गोल आहेत. पण वळणावर काचेसारखे घसरतील."

"मग वळू नकोस."

बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेनेच पेशंट निम्मे झोपत असावेत.

बातमी घरात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी धाकटा दीर गॅरेजात मोजपट्टी घेऊन सापडला. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि बरेच दिवस टेबल टेनिसचं टेबल घ्यायचं म्हणत होता.

"मी आपलं सहज मोजतोय वहिनी," तो म्हणाला. "गाडी आजारी आहे म्हणून कळलं."

"भाऊजी, आजारी माणसाच्या खोलीत मोजपट्टी घेऊन येऊ नये."

"नाही, तसं नाही. तुम्ही आशा सोडू नका. फक्त बाजूने धावायला पाच फूट लागतात, ते बघत होतो."

शोध सुरू झाला. बाई रोज ड्यूटी संपली की डॉक्टरांच्या खोलीत चहा घेऊन बसायच्या आणि टायरच्या दुकानांना फोन लावायच्या. पहिल्या दुकानदाराने आकडे ऐकून घेतले आणि अशी साइज नसतेच म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, माझ्या गाडीला आत्ता लावलेली आहे. तो म्हणाला, मग तुमची वाचण्यात चूक होतेय. दुसऱ्याने पुढचे मिळतील पण मागचे पुढच्यासारखेच घ्या, शोभून दिसेल, असा सल्ला दिला. तिसऱ्याने छोट्या मालवाहू गाडीचे टायर सुचवले. ते आयुष्यभर जातील, तुमच्यानंतर मुलं वापरतील, असंही वर म्हणाला. चौथा दुकानदार सज्जन होता. त्याने गोदामात माणूस पाठवला, परत फोन केला, आणि त्या मापात शांत, आरामशीर, लांबच्या प्रवासाचे टायर आहेत, अगदी सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल, असं सांगितलं. तेही पुन्हा पुढचेच. बाईंना सोफा नको होता. सोफा घरी होता आणि त्यावर नवरा होता. रिंगच मोठी बसवा असं पाचवा म्हणाला, तर दारावरची पट्टी आडवी आली.

मग त्यांनी मंडळाकडे मोर्चा वळवला.

पिवळीसारख्या गाड्या देशभरात मिळून जेमतेम दोन डझन असतील. त्यांच्या मालकांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा डोंगराच्या रस्त्यावर सगळे जमायचे, एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडायचे, आणि मग जेवताना एकमेकांच्या गाड्यांची तोंडभरून स्तुती करायचे. तेल कुठलं घालता, पट्टा कुठून आणला, सगळं मोकळेपणाने सांगायचे. फक्त टायरचा विषय निघाला की टेबलावर शांतता पसरायची. कुणी पाणी प्यायचं, कुणी चमचा पाडायचं. टायर कुठून आणलेत, असं विचारणं म्हणजे कपाटाची किल्ली मागण्यासारखं मानलं जाई. ज्याला कुठे सेट सापडे तो तो गुपचूप उचले, लपवून ठेवी आणि पुढच्या वर्षी इतरांबरोबर सुस्कारे सोडत म्हणे, आता कुठे मिळतात हो. बाईही म्हणाल्या होत्या. चांगला लांब सुस्कारा सोडून.

आता त्यांनी सगळ्यांना फोनवर खरंच विचारलं. सगळ्यांनी खरंच सुस्कारे सोडले.

राहता राहिला कारखाना. कंपनीच्या विक्री विभागात फोन लावायचा म्हणजे आधी अर्धा तास बासरी ऐकायची. शेवटी एक अधिकारी आला. त्याला सर्दी झाली होती. बाईंनी मापं सांगितली. पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला, "एक सेट हवाय. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांना एकच हवा असतो. आणि कुणाला सांगू नका म्हणतात."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "सगळे म्हणजे कोण?"

नावं तो सांगणार नव्हता, तसा शब्द दिला होता. पण दर थोड्या दिवसांनी कुणीतरी दबक्या आवाजात फोन करतं, याच दोन मापांचा एक सेट मागतं, आणि इतर मालकांच्या कानावर घालू नका म्हणून गळ घालतं, हे त्याने सांगितलं. एका गृहस्थाने तर आवाज बदलून दोनदा केला होता. कंपनीचं उत्तर ठरलेलं: एका सेटसाठी साचा तापवता येत नाही.

"म्हणजे साचा आहे?"

आहे, तो म्हणाला. दोन्ही मापांचे आहेत. मागच्या चाकाच्या साच्यावर सध्या कँटीनवाल्याने कुंड्या ठेवल्यात, पण त्या हलवता येतील. वीस सेटची मागणी एकदम आली तर एक पाळी चालवायला वरिष्ठांची हरकत नसावी. नवं रबर, पूर्वीपेक्षा चांगलंच. मागणी लेखी हवी, सगळ्यांची एकत्र, या महिनाअखेरीपर्यंत. त्यानंतर साचे भंगारात निघणार होते.

"हे तुम्ही आधी कुणाला का नाही सांगितलं?"

"वीस हवेत असं कुणी म्हणालंच नाही," तो म्हणाला आणि शिंकला.

टायर संपले नव्हते. ते मागणारी माणसंही संपली नव्हती. नुसती तोंडं बंद होती.

आता प्रश्न होता तो ती उघडायचा, आणि इथे बाईंचा पेशा कामाला आला. भूल देण्याआधी पेशंटला उपाशीपोटी असावं लागतं. काही खाल्लंय का, असं विचारलं तर प्रत्येक जण नाही म्हणतो, बिस्किटाचे कण ओठांवर असतानाही म्हणतो. म्हणून बाई तसं कधीच विचारत नसत. शेवटचं काय खाल्लंत, असं त्या विचारायच्या; मऊ आवाजात, दुसरीकडे बघत, जणू खाल्लंय हे तर ठरलेलंच आहे. मग पेशंट चवीसकट सांगतो. आणि बाईंना सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळातल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी झोपवलं होतं. झोपताना माणूस काय काय बोलून जातो ते बाईंच्या पोटात होतं आणि पोटातच राहिलं होतं.

त्यांनी पहिला फोन आर्किटेक्टला लावला. टायर आहेत का, असं विचारलंच नाही.

"तुम्ही टायर ठेवलेत त्या खोलीला खिडकी आहे का?"

"नाही, पलंगाखाली आहेत," आर्किटेक्ट बोलून गेला.

"उत्तम. आता जरा पलंगाखाली जा आणि अंगठ्याचं नख रुतवून बघा. मी थांबते."

फोनमधून खरडल्याचा आवाज आला, डोकं पलंगाला आपटल्याचा आला, आणि मग अगदी बारीक आवाजात आर्किटेक्टने विचारलं, "डॉक्टर, हे असं कडक कसं झालं?"

बाईंनी आपल्या चार टायरांची हकीकत त्याला सांगितली. स्वतःचा रोग आधी सांगितला की समोरचा कपडे काढायला लाजत नाही. मग साच्यांचं सांगितलं, कुंड्यांसकट. आर्किटेक्टने एका सेटची मागणी त्याच संध्याकाळी लिहून पाठवली.

मग पुढचे आठ-दहा दिवस देशभर लोक आपापल्या घरात टायरांना नखं लावत होते. दंतवैद्याने आपला सेट एक्स-रेच्या खोलीत ठेवला होता, सुरक्षित जागा म्हणून. रोपवाटिका चालवणाऱ्या दोघी बहिणींनी काचेच्या घरात ठेवला होता. तिथे टायरांसकट सगळ्यांना भरपूर ऊन मिळत होतं. विशेष म्हणजे थोरलीने एक सेट धाकटीपासूनही लपवला होता आणि धाकटीने एक थोरलीपासून. दोन्ही एकाच ताडपत्रीखाली निघाले. त्या दिवशी त्यांच्या घरी जे बोलणं झालं ते बाईंनी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. शेवटी दोघींनी वेगवेगळी मागणी पाठवली. एकत्र पाठवायला त्या अजून तयार नव्हत्या.

जिथे तिथे निकाल एकच. कुणी खचला, कुणी संतापला, एका निवृत्त वैमानिकाला रडू आल्यासारखं झालं. पण बाई फोन ठेवायच्या तेव्हा पलीकडच्या माणसाच्या आवाजात हलकेपणा आलेला असायचा. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सांगून टाकल्याचा असावा.

अठरा मागण्या जमल्या. आणि मग गाडी अडली. उरलेल्या मालकांपैकी कुणी परदेशी होतं, कुणाची गाडी इंजिनाशिवाय होती. राहता राहिले वकीलसाहेब.

वकीलसाहेब डोंगराच्या चढाईत दरवर्षी पहिले यायचे. बाई दुसऱ्या. फरक एखाद्या श्वासाचा असायचा, पण वकीलसाहेब तो वर्षभर पुरवून वापरायचे. त्यांच्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. प्रश्न विचारणं हाच त्यांचा धंदा. त्यांना मऊ आवाज काय करणार. बाई महिना संपायला तीन-चार दिवस उरले असताना त्यांच्या कचेरीत गेल्या.

वकीलसाहेबांनी काहीही नाकारलं नाही. उलट अभिमानाने मागच्या खोलीत नेलं. तिथे जुने खटले ठेवले होते, खिडकी नव्हती, थंड हवेचं यंत्र दिवसरात्र चालत होतं, आणि कपाटांच्या मधोमध, हवाबंद काळ्या पिशव्यांत, चार टायर.

"लावा नख," ते म्हणाले.

बाईंनी लावलं. नख आत गेलं. बाईंनी ते काढलं आणि त्या खूण सावकाश भरून येताना पाहत राहिल्या. असूया ही भावना त्यांना नवी नव्हती, पण ती रबराबद्दल इतकी तीव्र होईल असं वाटलं नव्हतं.

"तेव्हा डॉक्टर," वकीलसाहेब खुर्चीत बसत म्हणाले, "मला गरज नाही. मंडळींनी निष्काळजीपणा केला, त्याची फळं मंडळींनी भोगावीत. माझ्या अशिलांनाही मी हेच सांगतो."

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली. दाराशी जाऊन वळल्या.

"म्हणजे यंदा डोंगरावर तुम्ही एकटेच."

"म्हणजे?"

"बाकी सगळ्या गाड्या वस्तू झालेल्या असतील. तुम्ही एकटे चढाल. पहिले तुम्हीच, शेवटचेही तुम्हीच. जेवायलाही एकटेच बसाल."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "ही धमकी समजू का?"

"नाही. निदान."

थंड हवेचं यंत्र घुमत राहिलं. वकीलसाहेब भिंतीकडे पाहत होते. तिथे चढाईच्या ढाली ओळीने टांगल्या होत्या, आणि त्या ओळीच्या शेवटी पुढच्या ढालीसाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

"किती कमी पडतात?" त्यांनी विचारलं.

"दोन सेट."

"दोन्ही माझ्या नावावर लिहा. एक लावीन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक जपून ठेवीन."

बाईंनी जीभ चावली. एका बैठकीत एका माणसाची एकच गोष्ट दुरुस्त करता येते. त्यांनी वीस मागण्यांचा गठ्ठा स्वतः नेऊन कारखान्यात दिला. सर्दीवाल्या अधिकाऱ्याने तो दोनदा मोजला, आणि मग खिडकीतून हाक मारून कँटीनवाल्याला कुंड्या हलवायला सांगितल्या.

टायर आले तेव्हा तपासणीची मुदत संपायला एक आठवडा होता. ज्या दुकानदाराने अशी साइज नसतेच म्हणून सांगितलं होतं, बसवून घ्यायला बाईंनी मुद्दाम त्याचंच दुकान निवडलं. त्याने आकडे वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाला, "आहे की." त्यात शरमेचा लवलेशही नव्हता. बाईंनी मात्र त्याला ते तीनदा वाचायला लावलं, आवाज ऐकू येत नाही असं सांगून.

तपासणीच्या आवारात तोच अधिकारी होता. तो आधी दारावरची पट्टी वाचायचा, मग चाक, मग पुन्हा पट्टी. चारही चाकं झाल्यावर तो मागच्या टायरवरच्या रबरी केसांवरून बोट फिरवत थोडा वेळ तसाच बसला. हे कुठे मिळाले, असं त्याने विचारलं.

"बनवून घेतले," बाई म्हणाल्या. कपडे शिवून घेतल्यासारख्या.

त्याने शिक्का मारला. असा मारला, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दचकून वर पाहिलं. पिवळी आणखी पाच वर्षं गाडी राहणार होती.

नवरा शेजारी बसला होता. आवारातून बाहेर पडताना बाईंनी त्याला समजावलं, की नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर बुळबुळीत थर असतो. तो झिजेपर्यंत सांभाळून चालवायचं असतं. नवऱ्याला ही कल्पना फार आवडली. त्यांनी मग सबंध दुपार गावाबाहेरच्या रस्त्यावर शहाण्या माणसासारखी घालवली. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. एक सायकलवालासुद्धा गेला आणि जाताना त्याने सहानुभूतीने हात केला. बाईंनी हसून परत केला. त्या दिवशी त्यांना कुणाचाच राग येत नव्हता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा त्यांना स्टिअरिंगमध्ये थर झिजल्याचं जाणवलं. रस्त्याचा खडबडीतपणा बोटांशी येऊन पोचला होता, एकेक खडा वेगळा. पाण्याच्या टाकीशी रस्ता उजवीकडे वळत वर चढत होता. बाईंनी गिअर खाली घेतला, वळणाकडे पाहिलं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. इंजिन मागून ओरडलं. पिवळी किंचित वाकली, चारही पायांनी रस्ता धरला आणि धरून ठेवला, जिथे नेलं तिथे बोटभरही न चुकता गेली. वळण संपलं तेव्हा नवऱ्याने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. बाई मोठ्याने हसल्या. थिएटरमध्ये त्यांना असं हसताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पुढे घराकडे जाणारा रस्ता नाकासमोर सरळ होता. बाईंनी त्याच्याकडे एकदा नापसंतीने पाहिलं, आणि गाडी डावीकडच्या, टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्याला घातली.